खेर्दाची पाठ

॥ श्री ॥

झूटरमेर,
रविवार, २६ सप्टेंबर २०२१

चि. मालू,

अक्काचा आशीर्वाद. इकडे सगळी बरी आहेत. माझा गुडघा आहे तसा आहे. तू गोळ्या वेळेवर घेतेस असं धरून चालते. तुझ्या कानाला फोन चालत नाही आणि कानातलं यंत्र तू डब्यात ठेवून दिलंस, म्हणून हे पुन्हा कागदावर.

तर आधी आली ती नागडी बाई. अकराला येते म्हणाली होती आणि अकराच्या ठोक्याला घंटा वाजली. आज अंगावर कपडे होते, देवाची कृपा. लायडनहून सायकल हाणत आलेली, ह्या वयात, आणि घामाने नुसती निथळत होती. तश्शीच येऊन तिने मला मिठी मारली. कालपासून इथल्या सरकारने दीड मीटर लांब उभं राहायचा नियम उठवला, तर ह्या लोकांना वाटतं राहिलेल्या सगळ्या मिठ्या एका दिवसात उरकायच्या. तीन वेळा गालाला गाल. तिचा घाम माझ्या गालाला लागला. शी. मी आत जाऊन तोंड धुऊन आले.

तिच्या मागून मोटारीने वीम आला. हा तिचा नवरा नाही, मित्र आहे. ऐंशीच्या घरातला मित्र. मी स्वयंपाकघरात सुनेला विचारलं, "स्नेहल, मित्र म्हणजे काय गं?"

"आई, मित्र म्हणजे मित्र. तव्यावर बघा, पोळी करपतेय."

दोघं बूट घालून घरात. बाहेर कुत्री काय काय करून ठेवतात, त्यावरून चाललेले ते बूट गालिच्यावरून थेट माझ्या देवाच्या फळीपाशी. वीमने बाळकृष्णाला इतकं वाकून बघितलं की त्याच्या तोंडाचा कॉफीचा वास देवाला गेला असणार. ते गेल्यावर मी सगळं पुसून काढलं, आणि बाळकृष्णाला पुन्हा आंघोळ घातली.

आणि खेर्दाच्या हातात कागदी पिशवी, तिच्यात तुझी साडी. खेर्दा म्हणजे ही बाई. नाव घेताना घशातला कफ निघेल असं नाव आहे. आणि साडी म्हणजे तुझीच, वांगी रंगाची इरकली, तू अलिबागच्या दुकानात घासाघीस करून मला घेतलेली. ती तिच्याकडे कशी गेली ते सांगायचं तर समुद्रापासून सांगायला हवं. तू पत्रात तिकिटाचं विचारलंयस, दिवाळीला येतेस ना म्हणून. ते सांगते, विसरले नाही. आधी हे ऐक.

ऑगस्टात आम्ही स्पेनला गेलो, तिथे समुद्र बघितला, एवढंच मी तुला मागे लिहिलं. बाकीचं लिहायची लाज वाटली.

यतीनने गाडी काढली. दोन दिवस गाडीत, वाटेत जागोजाग फोनवरचा तो ठिपक्यांचा चौकोन दाखवायचा, की बाबा आम्ही सुया टोचून घेतल्यात. कुणीतरी नेटवर लिहिलं होतं की अमुक ठिकाणी छोटासा किनारा आहे, शांत, फारसं कुणी येत नाही. गर्दी नको म्हणून यतीनने तोच धरला. फारसं कुणी का येत नाही, ते लिहिणाऱ्याने लिहिलं नव्हतं.

मालू, तो समुद्र म्हणायचा कसा? लाट नाही, भरतीओहोटीचा पत्ता नाही. दोन डोंगरांच्या मधे बशीत चहा ओतावा तसं पाणी. अख्खा किनारा आपल्या वाडीच्या मागच्या दाराएवढा, तोही गोट्यांचा, तळव्यांना टोचतो. उतरायला डोंगरातून पायवाट. वाटेच्या कडेला झुडपाझुडपात पांढरे कागद, आणि ते कागद कशाचे ते तुला सांगायला नको. एवढी शिकलीसवरलेली माणसं, बरोबर तांब्या आणायला काय होतं? खाली कडेला शेवाळ कुजलेलं, त्याला पावसात भिजलेल्या सुकटीचा वास. एका माणसाने पाण्यातून ते आठ पायांचं धूड काढलं आणि खडकावर आपटत बसला, धोबी चादर आपटतो तसं. श्रावण चालू होता. मी पदर नाकाला लावून डोंगराकडे बघत बसले.

यतीन जेवणाचे डबे आणायला पुन्हा गाडीपाशी वर गेला. स्नेहल आणि नात वैदेही पाण्याशी. मी एकटी. तेवढ्यात डोळ्यांपुढे आली ती म्हातारी. खडकावर पाठमोरी बसलेली, माझ्याच वयाची, केस ओले, गुडघ्यांना हातांची मिठी, आणि अंगावर सूत नाही. आजूबाजूला ना पिशवी ना टॉवेल. मला दुसरं काय वाटणार? बाई पाण्यात उतरली, मागे कुणीतरी कपडे चोरले, आणि आता लाजेने तिला उठता येत नाही. किती वेळ बसली असेल बिचारी, आणि कुणी ढुंकून बघत नाही.  बदलायला आणलेली कोरडी साडी पिशवीत होती, तुझीच. ती घेतली, गोट्यांवरून तोल सांभाळत गेले, तोंड दुसरीकडे करून साडी तिच्या खांद्यांवर टाकली, पुढून घट्ट ओढली, डोक्यावरून पदर दिला आणि पाठीवर थापटून म्हटलं, "बस बाई, घाबरू नकोस. माझा मुलगा येतोय, तो पोलिसांना सांगेल."

तिने डोक्यावरचा पदर हाताने चाचपला. मग हसायला लागली, दात दाखवून. मी म्हटलं, भीतीने बिचारीचं डोकं फिरलं. तर मागच्या खडकाआडून वीम उठला. तोही तसाच. मी देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा डोंगराकडे तोंड केलं.

स्नेहल धावत आली. "आई, काय केलंत हे? इथे सगळे असेच बसतात."

"सगळे?"

"बघू नका तिकडे."

"मी कुठे बघतेय? मी डोंगर बघतेय."

यतीन डबे घेऊन उतरला तेव्हा त्याची आई डोंगराशी बोलत होती, एक गोरी बाई इरकली नेसून खडकावर बसली होती आणि एक म्हातारा टोपी पुढ्यात धरून उभा होता. तो डबे खाली ठेवून तसाच वर परत निघाला होता. पण वैदेहीने तोवर त्यांच्याशी डचमध्ये बोलायला सुरुवात केली. पोरीला मराठी सगळं समजतं, बोलायची वेळ आली की डच नाहीतर इंग्रजी. तिने विचारलं तर निघाली लायडनची माणसं, आमच्यापासून हाकेच्या अंतरावरची. मग काय विचारतेस. खेर्दाला वाटलं, आमच्यात पाहुण्याला असं वस्त्र पांघरायची रीत आहे. वैदेहीने सांगितलं की ही साडी आजीच्या बहिणीने दिलेली आहे. तेव्हापासून बाईने ती अंगावरून काढली नाही. तशीच आमच्यात येऊन बसली, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि पाची बोटं एकेक करून चाटली, आवाज करून. शी. तरी मी तिला आणखी वाढली.

मग तिने पिशवीतून एक नळी काढली, माझ्या हातात दिली, माझ्याकडे पाठ केली आणि साडी कमरेपर्यंत सोडली.

"आजी, शी कान्ट रीच," वैदेही म्हणाली. उन्हाचं मलम होतं ते. तिचा हात पाठीला पोचत नव्हता. वीमचे हात थरथरतात.

मी नळी दाबली. पांढरं, चिकट, त्याला दुधाच्या जळक्या सायीसारखा वास. आणि समोर परक्या बाईची पाठ, तांबूस, ठिपकेवाली, एक मोठा तीळ, त्यावर केस. अंगावर काटा आला, खरंच सांगते. पण हात टेकला मात्र, आणि मला तुझी पाठ आठवली. मणके तसेच वर आलेले. उजव्या खांद्याच्या खाली मांस तसंच सैल पडलेलं. मी मग दोन्ही हातांनी चोळली, खालून वर, दिवाळीला पहाटे आपण एकमेकींना उटणं लावतो तशी. तिने डोळे मिटले. 

नंतर ती मला पाण्यात घेऊन गेली. हो, मला. आपण नागावला जन्मलो, समुद्राची गाज ऐकत म्हाताऱ्या झालो, पण घोट्याच्या वर पाणी आलं की "मागे हो गं" असा घरातून ओरडा. पाणी पुरुषांचं. मी नेसत्या साडीनिशी उतरले. परकर फुगून वर आला, तो दाबू की तोल सांभाळू. पायाला काहीतरी गिळगिळीत लागलं, मासा असेल नाहीतर कुणाची तरी टाकलेली पिशवी. शी. खेर्दाने माझ्या पाठीखाली दोन हात धरले आणि मला आडवं केलं. कान पाण्यात गेले, सगळे आवाज बंद. तुला ऐकू येत नाही तेव्हा तुला असंच वाटतं का गं? मला बरं वाटलं. थोड्या वेळाने बघते तर खेर्दा लांब उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि माझ्या पाठीखाली कुणाचेच हात नव्हते.

एवढं झालं तिथे, आणि साडी तिच्या अंगावरच गेली. आता आजचं.

साडी तिने धुऊन इस्त्री करून आणली होती. पण घडी कसली, टेबलावरच्या चादरीसारखी चौकोनी, आणि साबणाचा असा उग्र वास की माझं कपाट आठवडाभर दरवळेल. मी वैदेहीला म्हटलं, "तिला सांग, अंगावर घातलेलं आम्ही परत घेत नाही. तुलाच ठेव." वैदेहीने सांगितलं. त्या दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. मग वैदेही म्हणाली, इंग्रजीत, मी तुला मराठीत सांगते. खेर्दा म्हणते, साडी बहिणीची आहे. बहिणीला विचारलं का? तिला विचारल्याशिवाय मी ठेवणार नाही.

मी साडीची घडी मोडून आपल्या पद्धतीने पुन्हा घातली.

विषय बदलायला वीमने बरोबर आणलेला पुडा उघडला. आत मासे, कच्चे. तेलकट, चकचकीत, शेपटीसकट. शेपटीला धरला, डोकं मागे टाकलं आणि सोडला घशात, वरून बारीक चिरलेला कांदा. आपणही मासे खाणारी माणसं, पण मासा आगीला दाखवायचा तरी असतो. आणि पितृपंधरवडा चाललेला. माझ्यापुढेही एक धरला. त्यांचा मान राखायला अर्धा खाल्ला. मग राहिलेला अर्धा टाकवेना म्हणून खाल्ला. एक फ्रीजमध्ये ठेवलाय, तो उद्या स्नेहल कामाला गेली की बघू.

आता तुझं तिकीट.

मालू, मागच्या पत्रात मी लिहिलं विमानं बंद आहेत. शेजारचा अरुण तुला सांगतो ना की सुरू झाली, अरुणचं खरं आहे. त्याच्यावर चिडू नकोस. शुक्रवारी यतीनने मला विचारलं, "आई, तिकीट काढू का? ऑक्टोबरात मिळतंय." मी म्हटलं, "राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"राहू दे म्हणजे राहू दे."

तो म्हणाला, "मालूमावशीला काय सांगणार?" मी म्हटलं, "मी बघते माझ्या बहिणीचं." आणि हे मी बघतेय, दुपारपासून चौथा कागद चाललाय.

दर वर्षी होळी झाली की मी इकडे येते आणि दिवाळीच्या आधी तुझ्याकडे परत. गेल्या वर्षी आले आणि मागून दारं बंद झाली, तो काही माझा दोष नव्हता. पण आता दारं उघडलीत आणि मीच उठत नाहीये. विमानाची भीती नाही, आजाराची नाही, यतीन अडवत नाही. गुडघा आहे तसा आहे असं वर लिहिलं तेही खरं नाही. जिना न धरता उतरते. गेला महिनाभर दर बुधवारी वीम मोटारीने येतो आणि खेर्दा मला पोहायच्या तलावावर नेते. म्हाताऱ्यांसाठी पाणी कोमट करतात. एकाच पाण्यात आम्ही इतके म्हातारे, कुणाचं काय काय त्या पाण्यात मिसळत असेल, विचारच करवत नाही. कपडे बदलायच्या खोलीत बायका पडदा म्हणून ओढत नाहीत. जमिनीवर केस. कुणाची तरी चिकटपट्टी माझ्या टाचेला चिकटून घरी आली. आणि मी मंगळवारी रात्रीच पिशवी भरून ठेवते.

स्नेहलने मला पोहायचा पोशाख आणलाय, काळा, गुडघ्यापर्यंत आणि कोपरापर्यंत. तू बघितलास तर आठ दिवस बोलणार नाहीस.

इथलं सगळं घाण आहे असं मी तुला प्रत्येक पत्रात लिहिते. घाण आहेच, त्यात खोटं काही नाही. पण घाण घाण म्हणत मी इथे रमले, ते लिहायला हात धजत नव्हता. तू तिकडे एकटी. मागल्या वर्षी वादळात आपल्या पोफळी आडव्या झाल्या, पत्रे उडाले, तू रात्रभर देवघरात बसून राहिलीस, आणि माणसं बोलावून, ओरडून, भांडून सगळं पुन्हा उभं केलंस. मला नुसतं लिहिलंस, "वारा मोठा होता." आणि मी ह्या ऑगस्टात स्पेनला पाण्यावर आडवी पडून आभाळ बघत होते. हे कसं लिहू तुला? म्हणून आठ पायांचं धूड लिहिलं, कागद लिहिले, बूट लिहिले.

चैत्रात येईन असं आत्ता लिहिणार होते. लिहीत नाही. लिहिलं की ते आणखी एक विमान बंद होईल. येईन एवढं खरं, कधी ते मला माहीत नाही. मनात येतं तू इकडे यावंस, पण वाडी टाकून तू यायची नाहीस, आणि यतीनला कच्चा मासा आणि तुझी जीभ दोन्ही एका घरात झेपायचं नाही.

एक मात्र मला रोज टोचतं. ह्या दिवाळीला तुझी पाठ कोण चोळणार? गेल्या दिवाळीला काय केलंस, हे मी आजवर विचारलं नाही. तू भिंतीला पाठ घासली असशील, मला माहीत आहेस तू. अरुणच्या बायकोला, चित्राला सांग. तिचे हात खरखरीत आहेत आणि तोंड बंद राहत नाही, पण तुला कुठे ऐकू जाणार आहे. लाजू नकोस. मी एका नागड्या परक्या बाईकडून शिकले, तू चित्राकडून शीक. उटण्याची पुडी वरच्या फळीवर मेथीच्या डब्यामागे आहे, दोन वर्षांची झाली, वास गेला असेल, नवी आण.

जाताना मी स्नेहलला खेर्दाची ओटी भरायला सांगितली. माझ्याच कपाळाला नाही, म्हणून मी कुंकू लावायला पुढे झाले नाही, आणि मित्र असला तर चालतं की नाही हे विचारायचं स्नेहललाही धाडस झालं नाही. नुसते तांदूळ आणि नारळ. खेर्दाने नारळ कानाशी धरून हलवून बघितला आणि वीमलाही ऐकवला. साडी तिने ठेवून घेतली नाही. ती माझ्या कपाटात आहे आणि आता तू ठरवायचंस. दे म्हणालीस तर तिला देईन. नको म्हणालीस तर माझ्याबरोबर तुझ्याकडे येईल. शिव्या लिही, कागदभर लिही, पण उत्तर दे.

इथे लोक परत येतो असं नुसतं म्हणत नाहीत, दारातच फोन काढून तारीख मागतात. खेर्दाचे पुढचे रविवार भरलेले, वीमचे डॉक्टर, मग तिची कुणी मैत्रीण. शेवटी एक दिवस मोकळा निघाला, मी हो म्हटलं. ती सायकलवर बसून गेली आणि मग स्नेहलने भिंतीवरचं मराठी कॅलेंडर उलटून बघितलं. बघून माझ्याकडे बघितलं आणि पान तसंच उघडं ठेवून आत गेली.

दिवाळीची पहिली आंघोळ त्याच दिवशी आहे, मालू. ती दोघं पुन्हा येणार, गुरुवारी, चार नोव्हेंबरला.

तुझी पाठ चोळायची राहिलेली,
अक्का